दोन रात्री ओढ्याकाठी: चावे नेमके कुठे बसतात

निम्मी वाट गुडघाभर गवतातून, निम्मी ओढ्याच्या काठाने, मुक्काम तंबूत. अशा वाटेवर डास-गोचिडीचे चावे बसतात ते कीटक पळवणारं औषध हलकं पडलं म्हणून क्वचितच. ते बसतात औषध लावायचं राहून गेलेल्या जागी: घोट्याची मागची बाजू, कानांच्या मागे, मानेवर केस संपतात ती कड, आणि खाली बसलं की शर्ट वर सरकून उघडी पडणारी कंबर.

निघण्याच्या आदल्या दिवशी पॅन्ट, मोजे आणि बुटांवर ०.५ टक्के परमेथ्रिन (कपड्यांवर मारायचं कीटकनाशक) फवारून पूर्ण वाळू द्यावं. हे फक्त कापडासाठी, कातडीला नाही. ओलं असेपर्यंत मांजर जवळ येऊ देऊ नका, तिला ते विषारी असतं. माशांनाही, त्यामुळे हे कपडे ओढ्यात खळबळायचे नाहीत.

गवताच्या टप्प्यात खरी काळजी गोचिडीची. ती उडत नाही, उडीही मारत नाही. पात्याच्या टोकाशी पुढचे पाय पसरून वाट बघते. म्हणून पॅन्टचे पाय मोज्यांत खोचायचे. ध्यान दिसतं, पण गोचीड कापडावरूनच वर चढते आणि फिक्या रंगावर लगेच दिसते.

उघड्या अंगाला कीटक पळवणारं औषध: २० ते ३० टक्के डीट किंवा २० टक्के पिकारिडिन. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वरून हे. दोन्ही एकत्र असलेली ट्यूब टाळावी: सनस्क्रीन दर दोन तासांनी लागतं, हे इतक्यांदा लागत नाही. चेहऱ्यावर थेट फवारू नये, तळहातावर घेऊन लावावं. डीटने प्लॅस्टिक विरघळतं; चष्म्याची फ्रेम आणि घड्याळाची काच सांभाळा. पिकारिडिनला ही खोड नाही.

तंबूची जागा निवडताना साचलेल्या पाण्यापासून दूर, थोडी उंच, वारा लागेल अशी बघावी. डास वाऱ्यात नीट उडू शकत नाही. मलेरियाचा ॲनॉफिलिस संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, डेंग्यूचा एडिस दिवसा, त्यामुळे ‘अंधार पडला की लावू’ हा हिशोब चुकतो. झिप उघडी टाकून आत सामान लावत बसणं ही नेहमीची चूक. दुसरी, झोपेत जाळीला टेकलेलं कोपर: डास बाहेरूनच चावतो. झुल्यात झोपणाऱ्याला तो खालून, ताणलेल्या कापडातूनही चावतो.

रोज संध्याकाळी काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागे, बेंबी आणि केस तपासावेत. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने अगदी कातडीलगत धरून, न पिळता, सरळ वर ओढावी. व्हॅसलीन, काडेपेटी वगैरे उपायांत ती आणखी वेळ चिकटून राहते, एवढंच. मग साबणाने धुवून तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा पुरळ आलं तर डॉक्टर हीच तारीख विचारतील.