विचारून हात लावा

आज दवाखान्यात नंबराची वाट पाहत बसले असताना शेजारच्या बाईंनी एक शब्दही न बोलता माझा हात धरून स्वतःकडे वळवला आणि मनगटापासून कोपरापर्यंत गेलेल्या वेलीच्या टॅटूवरून अंगठा दोनदा घासून पाहिला. मी हात मागे घेतला, तेव्हा त्यांनी विचारले, "घरच्यांनी काही म्हटले नाही?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजीच होती, तरीही त्या अंगठ्याचा स्पर्श मला दिवसभर जाणवत राहिला.

समोरच्या बाकावरच्या मुलाने मात्र लांबूनच विचारले, "हे धुतल्यावर जात का नाही?" मी त्याला सांगितले की शाई त्वचेच्या वरच्या नव्हे, तर त्याखालच्या थरात असते आणि तिथल्या पेशी रंगाचे कण गिळून धरून ठेवतात. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या, ५,००० वर्षांहून जुन्या ओत्झी नावाच्या माणसाच्या देहावर ६१ टॅटू अजून दिसतात, हे ऐकून तर तो उठून जवळच आला. "हात लावू?" असे त्याने आधी विचारले, आणि मी आनंदाने हात पुढे केला.

लोकांनी पाहावे, प्रश्न विचारावेत, नावडले तर तसे सांगावे, याबद्दल माझी तक्रार नाही, कारण चित्र उघड्या हातावर आहे. पण चित्र दिसते म्हणून तो हात सर्वांचा होत नाही. त्या बाईंना हे तिथेच शांतपणे सांगायला हवे होते. माझा नंबर आला आणि ते राहून गेले.