तिसऱ्या पोकळीचा तळ

मेंदूशस्त्रक्रियेच्या प्रशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या वॉर्डात 19 वर्षांची एक मुलगी दाखल झाली. पहाटे तिचे डोके असह्य दुखे, उलटी झाली की थोडा उतार पडे आणि नजर वर नेताना डोळे मध्येच अडत. मेंदूत पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या, एकमेकींना जोडलेल्या चार पोकळ्या असतात. एमआरआयमध्ये त्यांतल्या दोन्ही बाजूंच्या पोकळ्या आणि तिसरी पोकळी फुगलेल्या दिसल्या. चौथी मात्र नेहमीच्या आकाराची होती. म्हणजे तिसरी आणि चौथी पोकळी जोडणारी, जेमतेम एक-दोन मिलिमीटर रुंदीची नलिका बंद झाली होती. अशा रुग्णाच्या कमरेतून पाणी काढायचे नसते, कारण खालचा दाब एकाएकी उतरला तर वरून दाबला गेलेला मेंदू कवटीच्या तळाच्या छिद्राकडे सरकू शकतो. हे सरांनी मला दोनदा बजावले.

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती मिळून सुमारे 150 मिलिलिटर सीएसएफ, म्हणजे हाच पाण्यासारखा द्रव, असतो, पण दिवसाला तयार होतो जवळजवळ 500 मिलिलिटर. वाट बंद झाली तरी ही निर्मिती जवळपास तशीच चालू राहते, आणि कवटीचे हाड ताणले जात नाही.

कपाळाच्या वर, केसांच्या रेषेमागे एक छिद्र पाडून सरांनी एंडोस्कोप, म्हणजे कॅमेरा लावलेली बारीक नळी, आत नेला. पडद्यावर प्रथम दिसला तो कोरॉइड प्लेक्सस, पाण्यात हलकेच डोलणारा लालसर झुपका. सीएसएफ मुख्यतः इथेच तयार होतो. मेंदूत इतरत्र केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून रक्तातील नको ते पदार्थ बाहेर थोपवतात; या झुपक्यातल्या केशवाहिन्या मात्र सच्छिद्र असतात, आणि पहारा त्यांच्यावरच्या पेशींच्या थराकडे असतो. पुस्तकात वाचताना हा फरक मला किरकोळ वाटला होता.

त्या झुपक्याच्या कडेने जात आम्ही तिसऱ्या पोकळीत उतरलो. तिचा तळ ताणून इतका पातळ झाला होता की त्याखालची, मस्तिष्कस्तंभाला रक्त पुरवणारी धमनी आरपार दिसत होती. तिला धक्का लागला असता तर सावरायला वेळच मिळाला नसता. सरांनी धमनीच्या पुढची जागा निवडून तळाला लहानसे भोक पाडले, त्यात फुगा सरकवून ते रुंद केले आणि फुगा काढून घेतला.

तोवर सीएसएफ एखाद्या ओढ्यासारखा एकाच दिशेने वाहतो, असेच चित्र माझ्या मनात होते. प्रत्यक्षात त्या भोकाच्या कडा मॉनिटरच्या प्रत्येक ठोक्याबरोबर खाली जात आणि पुन्हा वर येत. हृदय जसे ठोके देत होते तसे पाणी पुढेमागे हेलकावत होते आणि त्यातूनच त्याला बाहेरची वाट मिळत होती. 2012 साली उंदरांवरील प्रयोगांतून रक्तवाहिन्यांच्या कडेने मेंदूच्या आत शिरणाऱ्या प्रवाहाचे वर्णन झाले. त्यामागेही धमन्यांच्या ठोक्यांचा जोर असावा, असे संशोधकांनी मांडले. ते वाचताना मला त्या कडाच आठवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने विचारले, “डॉक्टर, एवढं पाणी गेलं कुठे?” मी केसपेपरच्या मागे चार पोकळ्या काढल्या, बंद नलिकेवर फुली मारली आणि नव्या वाटेचा बाण मेंदूच्या तळापासून वर, पाणी रक्तात परत मिसळते त्या शिरांपर्यंत नेला. तो कागद तिने स्वतःकडे ठेवून घेतला.