बार्कलीवरचा समोरचा वारा : टेनंट क्रीक ते माउंट आयझा

ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडहून गाडीने निघाल्याचा आज सातवा दिवस. टप्पा साधारण ६६० किलोमीटरचा. वळणं मोजायला एका हाताची बोटं पुरतील.

आधी डिझेलचं सांगतो, कारण या खेपेला माझं गणित तिथेच फसलं. आपली पजेरो, ८८ लिटरची टाकी, टपावर तंबू. अ‍ॅलिस स्प्रिंग्जपासून टेनंट क्रीकपर्यंत शंभर किलोमीटरला साडेअकरा लिटर लागत होतं. थ्री वेजच्या तिठ्यावर उजवीकडे वळून बार्कली हायवेला लागलो आणि तोच आकडा १६च्या वर. गाडीत बिघाड शोधत बसलो. कारण इतकंच, की कोरड्या मोसमात इथे आग्नेयेचा वारा दिवसभर वाहतो आणि आपण पूर्वेला चाललेलो. टपावरचा तंबू म्हणजे उघडलेली छत्रीच. पश्चिमेकडे जाणाऱ्यांना हाच वारा पाठीवर मिळतो, म्हणून त्यांच्या नोंदी वाचून डिझेलचा अंदाज बांधू नका.

बार्कली होमस्टेडला, म्हणजे वाटेतल्या पंपावर, भाव महाग म्हणून टाकी न भरता पुढे जायचं ठरलं होतं. तिथे पोचेपर्यंत २१० किलोमीटरांत ३४ लिटर संपले आणि माझी काटकसर संपली. वीस लिटर घेतलं. (बायको काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.) पुढचे २६० किलोमीटर वेग ११०वरून ९०वर आणला, तसा खप साडेतेरावर आला. वेगमर्यादा १३०ची असली म्हणून तेवढं पळवलंच पाहिजे असं नाही. ते वीस लिटर घेतले नसते तरी क्वीन्सलंडच्या हद्दीतल्या कॅमूवील गावचा पंप गाठला असता, हे नंतर कळलं.

आता रोड ट्रेन, म्हणजे ट्रेलरांची माळ ओढणारा ट्रक. तीन ट्रेलर, लांबी साडेत्रेपन्न मीटरपर्यंत. साडेचार एसट्या एकामागे एक लावा. आमच्या पुढची दुमजली, गुरांनी भरलेली. वॉकीटॉकीच्या ४० नंबरवर ड्रायव्हरला विचारलं, त्याने रस्ता मोकळा असल्याचं सांगितलं, तेव्हाच बाहेर काढली. दुसऱ्या ट्रेलरपाशी असताना वरच्या मजल्यावरून काचेवर सडा पडला. वायपर मारला, ते आणखी वाईट. गवळी घरातलं पोर मी, मला वास ओळखायला वेळ लागला नाही.

एव्हॉन डाउन्सला पोलीस ठाण्यासमोर थांबलो तर कुंपणाविना चरणारी ब्राह्मन गुरं. वशिंड, गळ्याखाली लोंबती पोळी, कान खाली. ही जात अमेरिकेत गीर, गुजरात, नेल्लोर आणि आपल्या कृष्णाकाठच्या गुरांच्या संकरातून घडली आणि १९३३ साली तिथून क्वीन्सलंडमध्ये आली. उन्हात आणि गोचिडांत टिकते म्हणून इथे रुजली. एकीने मान वर करून बघितलं. सांगलीच्या बाजाराची आठवण आली, दुसरं काय.

क्वीन्सलंडची हद्द लागली की घड्याळ अर्धा तास पुढे. आयझा जवळ आल्यावर आधी दिसली ती शिशाच्या भट्टीची २७० मीटर उंच चिमणी. तांब्याच्या भूमिगत खाणी २०२५मध्ये बंद झाल्यात. शिसं-जस्ताचं काम चालू आहे.

उद्या क्लॉनकरी, जेमतेम १२० किलोमीटर. त्याआधी तंबू काढून डिकीत बसतो का बघायचं आणि काच तिसऱ्यांदा धुवायची.