झोपलेल्या चिपचा प्रवाह

बडोदे, रविवार, रात्री साडेदहा

काकांच्या रावपुऱ्यातील औषधांच्या दुकानात इन्शुलिन ठेवण्याचा फ्रीज आहे आणि त्याचे तापमान २ ते ८ अंश सेल्सिअसच्या मध्ये राहावे लागते. दर दहा मिनिटांनी जागे होऊन तापमान टिपणारे आणि लगेच पुन्हा झोपणारे, सीआर२०३२ या बटण सेलवर चालणारे एक उपकरण त्यासाठी करून देण्याचे मी महिन्यापूर्वी कबूल केले. त्यातला बहुतेक काळ मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे एका चिपमध्ये मावणाऱ्या छोट्या संगणकाचा, बोर्ड निवडण्यातच गेला.

सुरुवात हाताशी असलेल्या ‘ब्लू पिल’ नावाच्या बोर्डाने केली. त्यावरील एसटीएम३२एफ१०३ चिप झोपेत काही मायक्रोअँपिअरच घेते असे डेटाशीट, म्हणजे उत्पादकाचे माहितीपत्रक, सांगते. माझा मल्टिमीटर मात्र तीन मिलिअँपिअरच्या, म्हणजे तीन हजार मायक्रोअँपिअरच्या, आसपास अडून बसला. दोन संध्याकाळी मी स्वतःच्या कोडला दोष देत राहिलो. शेवटी लक्षात आले की बोर्डावरचा लाल दिवा अखंड जळत होता, व्होल्टेज रेग्युलेटरही आपला वाटा घेत होता, आणि मी चिप नव्हे तर अख्खा बोर्ड मोजत होतो. बटण सेलमध्ये सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असतात. त्या हिशेबाने तो तीन दिवसांत संपला असता.

मग बोर्ड शोधताना वेग आणि मेमरी यांच्याकडे पाहणे सोडले. रास्पबेरी पाय पिको या बोर्डाची २६४ किलोबाइट रॅम मोहात पाडते, पण तापमानाच्या नोंदींना ती काय करायची? मला फक्त चिपचा प्रवाह वेगळा मोजू देणारा बोर्ड हवा होता. न्यूक्लिओ-एल०५३आर८ त्यासाठी पसंत पडला, कारण त्यावर ‘आयडीडी’ असे लिहिलेला जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) काढून त्या जागी मीटर जोडला की केवळ मायक्रोकंट्रोलरचाच प्रवाह दिसतो. प्रोग्राम भरणारा एसटी-लिंक त्याच बोर्डावर असूनही या मोजणीत येत नाही. शिवाय चिपमध्ये २ किलोबाइट ईईप्रॉम, म्हणजे वीज गेली तरी टिकणारी मेमरी, आहे: प्रत्येक नोंदीला दोन बाइट धरले, तर दिवसाच्या १४४ नोंदींचे २८८ बाइट होतात, म्हणजे आठवडाभराच्या नोंदी आत मावतात.

आज मोजणीला बसलो, तर चिप सुरूच होईना. मीटरच्या मायक्रोअँपिअर रेंजला अंगचा रोध बराच असतो, आणि चिप जागी होताना काही मिलिअँपिअर ओढू लागली की व्होल्टेज त्या रोधातच पडते. म्हणून मीटर जोडलेला असतानाच जंपर बसवून ठेवायचा आणि चिप झोपल्यावर तो अलगद काढायचा, अशी युक्ती केली. (हे मॅन्युअलमध्ये शोधण्यापेक्षा चहा पिताना सुचले.) तरीही आकडा चाळीस मायक्रोअँपिअरवर थांबला. चिपच्या रिकाम्या पिना डिजिटल इनपुट म्हणून कशालाच न जोडता अधांतरी राहिल्या होत्या, आणि अशा पिना प्रवाह वाया घालवतात. त्या सगळ्या कोडमधून अ‍ॅनालॉग केल्यावर तो एक मायक्रोअँपिअरच्या जवळ आला. रिअल-टाइम क्लॉक (झोपेतही वेळ मोजणारे चिपमधले घड्याळ) चालू ठेवून डेटाशीट ०.८ म्हणते, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

काकांना फोनवर मोठ्या उत्साहाने हे सांगितले. ते शांतपणे म्हणाले, “अरे, छान झालं. पण तुझं यंत्र येईपर्यंत मी सकाळ-संध्याकाळ वहीत तापमान लिहितोच आहे, दुसरी वही सुरू झाली.”