वरून खाली नव्हे, खालून वर

मी सुतार. एरवी दारं-खिडक्या, किचनच्या ट्रॉल्या. जुळे सोलापुरातल्या एका निवृत्त सरांनी बोलावलं ते मात्र बागेतल्या खोलीसाठी. फावडी, खताची पोती, पाइप ठेवायला केलेली लाकडी खोली. वर प्लायचं दोन्ही बाजूंना उतरतं छप्पर आणि त्यावर टारफेल्ट, म्हणजे डांबरी कागद. सोलापुरात लोक सरळ पत्रा टाकतात, पण मे महिन्यात पत्र्याखाली उभं राहून दाखवा! सरांनी फेल्ट निवडलं त्यात चूक काहीच नव्हती. लावणाऱ्यानं घाण केली होती.

छप्पर गळत होतं. सर दर वर्षी वरून डांबराचा लेप मारून घ्यायचे.

पोऱ्याला पाइप देऊन वर चढवलं आणि मी आत बसलो. पाणी आधी वळचणीला, म्हणजे छपराच्या खालच्या कडेला सोडायचं, मग हळूहळू आढ्याकडे, म्हणजे माथ्याकडे सरकायचं. थेट वर ओतलं तर सगळीकडूनच ठिबकतं, कळत काही नाही. पाणी मधल्या सांध्याच्या वर गेलं आणि आत धार लागली. पण धार पडत होती सांध्यापासून हातभर खाली. पाणी फेल्टखाली शिरून प्लायवरून वाहत यायचं आणि वाट मिळेल तिथं पडायचं. सरांचे लेप सगळे त्या खालच्या जागेवर!

आत मान वर केली तर छताला खिळ्यांची टोकं, साळिंदराच्या पाठीसारखी. 12 मिलीमीटरच्या प्लायला इंचभर लांबीचे साधे लोखंडी खिळे. प्रत्येक टोकाला गंजाचा थेंब. तिथं 13 मिलीमीटरच्या, मोठ्या टोपीच्या जस्ती चुका, म्हणजे आखूड खिळे लागतात. टोक प्लायच्या आतच राहतं.

फेल्ट उचकटल्यावर खरा प्रकार दिसला. आधीच्या माणसानं वरची पट्टी आधी घातली होती आणि खालच्या पट्टीची कड तिच्यावर चढवली होती. उतरणारं पाणी सरळ सांध्याच्या तोंडात. कौलं शाकारणारा म्हातारासुद्धा हे कुणाला करू देणार नाही.

नवा गुंडाळा आदल्या दिवशीच सावलीत पसरून ठेवला होता, वळ्या सपाट व्हाव्यात म्हणून. पहाटे कामाला लागलो. पहिली पट्टी वळचणीला, कड दोन बोटं खाली वाकवून, म्हणजे पागोळी लाकडाला न लागता सुटते. या पट्टीच्या वरच्या कडेला दूर दूर अंतरावर चुका, कारण त्या पुढच्या पट्टीखाली झाकल्या जातात. पुढची पट्टी खालचीवर चार बोटं चढवायची, मध्ये डांबराचा चिकटा, आणि सांध्यावर दर 5 सेंटीमीटरला चूक. पट्टीच्या मधोमध एकही नाही.

"मध्ये ठोका की ओ दोन-चार, वाऱ्यानं फडफडेल," सर खालून म्हणाले.

"सर, मध्ये ठोकली की तेवढं भोक आपणच पाडलं."

त्यांना पटलं नाही, चेहऱ्यावरून कळत होतं. शिक्षक माणूस, पुन्हा दोनदा विचारलं.

ऊन चढल्यावर थांबलो. तापलेलं फेल्ट इतकं मऊ होतं की चपलेचा ठसा उमटतो, आणि हातोडी जरा जोरात बसली की चुकेची टोपी कागद कापून आत जाते. काकूंनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली. उन्हं कलल्यावर दुसरं पाखं, म्हणजे पलीकडचा उतार पुरा केला. आढं तेवढं उघडं राहिलं आणि होटगीच्या बाजूनं आभाळ काळं होऊन आलं. आधी धूळ, मग वारा. धुळीवर चिकटा धरत नाही, त्यामुळे आढ्याची पट्टी घालण्यात अर्थ नव्हता.

"मामा, काय करालाव? उतर की!" पोऱ्या ओरडत होता.

काकूंनी माळ्यावरून कुणा दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आणला. तोच आढ्यावर आडवा टाकला, दोन्ही बाजूंना विटा बांधून सोडल्या. वळीव तासभर कोसळला. दादा छपरावर हात जोडून भिजत होते आणि आम्ही सगळे आत, खताच्या पोत्यांवर. सर टॉर्च घेऊन सांधा न् सांधा तपासत होते. पट्ट्यांच्या मध्ये, जिथं चुका मारू दिल्या नव्हत्या, तिथं त्यांनी तळहात फिरवून बघितला. कोरडं.

सकाळी छप्पर वाळल्यावर आढ्यावर हातभर रुंद पट्टी दोन्ही पाखांवर सारखी दुमडून चिकटवली, कडांना चुका मारल्या. पैसे देताना सरांनी विचारलं, "आता लेप कधी मारायचा?"

"मारायचा नाही. सप्टेंबरच्या पावसाआधी सांध्यांवरनं एकदा नजर टाका, बास."

फ्लेक्स पोऱ्या घेऊन गेला. त्याच्या घराचा पत्रा गळतो.