मनगटावरचे घड्याळ आणि मे महिन्यातल्या कॅलरी

सोलापुरातल्या सिद्धेश्वर तलावाच्या परिसरात सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या मनगटांवर हल्ली स्मार्टवॉच सर्रास दिसते आणि फेरी संपली की गप्पा पावलांवरून कॅलरींवर येतात. ‘आज तीनशे जाळल्या’ असे आपण अभिमानाने सांगतो खरे, पण तो आकडा घड्याळाने मोजलेला नसतो. तो त्याने बांधलेला अंदाज असतो.

घड्याळ मुख्यतः दोन गोष्टी टिपते. हाताची हालचाल आतला अ‍ॅक्सिलरोमीटर नोंदवतो आणि त्वचेवर पडणाऱ्या हिरव्या प्रकाशापैकी किती प्रकाश रक्त शोषून घेते, यावरून नाडीचे ठोके ओळखले जातात. त्यांत आपण भरलेले वय, वजन, उंची मिसळून कॅलरींचा हिशेब होतो. नेमकी मोजणी करायची तर तोंडावर मास्क लावून शरीराने किती ऑक्सिजन वापरला आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला, हे पाहावे लागते. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६० जणांच्या मदतीने सात मनगटी उपकरणे अशा मोजणीशी ताडून पाहिली. सातपैकी सहा उपकरणांची नाडीतील चूक पाच टक्क्यांच्या आत राहिली. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगले उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी आणि सर्वांत वाईट तब्बल ९३ टक्क्यांनी चुकले. त्यानंतर उपकरणे सुधारली आहेत, पण अंदाज बांधण्याची मूळ रीत तीच आहे.

सोलापूरकरांनी तर या रीतीकडे विशेष लक्ष द्यावे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा शरीर थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे जादा रक्त धाडावे लागते, घामावाटे पाणी जाते, प्रत्येक ठोक्यागणिक बाहेर पडणारे रक्त कमी होते आणि ती तूट भरून काढण्यासाठी हृदय अधिक वेगाने धडधडते. चाल तीच, अंतर तेच, ऊर्जेचा खर्चही जवळपास तेवढाच. पण नाडीवर विसंबणारे घड्याळ व्यायाम जोरात झाला असे धरून चालते. त्यामुळे मे महिन्यातल्या फेरीची तुलना जानेवारीतल्या फेरीशी करण्यात अर्थ नाही.

व्यायाम आपोआप ओळखण्याची सोयही हाताच्या लयीवरच फार अवलंबून असते. सलग काही मिनिटे चालणे वा धावणे ती सहज पकडते, वजने उचलणे किंवा योगासने मात्र बऱ्याचदा निसटतात. आमच्या घरी पत्नी परातीत ज्वारीची भाकरी थापू लागली, की तळव्याच्या ठराविक थापांबरोबर तिच्या घड्याळातली पावले वाढत जातात. पीठ मळून घरादाराच्या भाकऱ्या थापणे हे कष्टाचेच काम आहे, याबद्दल घड्याळाशी माझा वाद नाही; पण त्याला चालणे म्हणता येणार नाही. उलट सायकल चालवताना हँडलवर हात स्थिर राहतो आणि पाय राबत असूनही पावले जागची हलत नाहीत.

आणखी एक गोम हिशेबातच आहे. ७० किलो वजनाचा माणूस ताशी साडेचार-पाच किलोमीटरच्या चालीने तासभर चालला तर साधारण २४५ कॅलरी खर्च होतात, पण त्यांतल्या ७० तो खुर्चीत बसून राहिला असता तरी गेल्याच असत्या. काही अ‍ॅप एकूण खर्च ‘टोटल’ आणि त्यातून बसल्या जागचा खर्च वजा करून उरलेला ‘अ‍ॅक्टिव्ह’ असे दोन आकडे वेगळे दाखवतात. फिरून आल्यावर उप्पीटाची दुसरी प्लेट मागवायचीच असेल, तर निदान ‘अ‍ॅक्टिव्ह’चा आकडा पाहून मागवावी.