क्लेव्हियस कागदावर उतरवताना

चंद्रावरच्या विवराचं चित्र काढायचं तर पौर्णिमा काही कामाची नाही. सूर्य वर आला की सावल्या जातात आणि उंच-खोल काही कळत नाही. म्हणून पंचांग बघून शुद्ध नवमी-दशमी धरली. तेव्हा चंद्राच्या दक्षिण भागात क्लेव्हियस या विवरावर ऊन चढत असतं. खानापुरात पावसाळाभर चंद्र दिसला तर नशीब, त्यामुळे हा उद्योग दिवाळीनंतरच. गच्ची आमची, सहा इंची दुर्बीण मित्राची.

विवर सुमारे 230 किमी रुंद आहे. सरळ रेषेत मोजलं तर बेळगावाहून साताऱ्याच्याही पुढं. पण 58 अंश दक्षिणेला असल्यामुळे आपल्याला ते चपटं, लांबट दिसतं. ती लंबगोल चौकट फोटोवरून दुपारीच काढून ठेवली. दुर्बिणीपाशी त्यात वेळ घालवणं परवडत नाही. त्या अक्षांशावर उजेडाची कड तासाला आठेक किमी सरकते. म्हणून आधी कोपऱ्यात वेळ लिहायची, सावलीची कड एका दमात आखायची, बाकीचं मागाहून.

सुरुवातीला तळ काळाकुट्ट होता आणि त्यात दोन बारीक उजळ कडी. तळावरच्या लहान विवरांचे काठ उंच, म्हणून ऊन आधी तिथं पोचतं. पेन्सिलीनं उजेड काढता येत नाही. भोवती काळं करत जायचं आणि तेवढा कागद कोरा राखायचा. यातच माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. आई वर आली. "एवढा वेळ काय बघालास रे?" तिला आयपीसला डोळा लावायला सांगितलं. "अगोबाई, हे आपल्याकडंच बघालंय की!"

ऊन तळावर उतरलं तशी विवरांची कमान उलगडली. आग्नेय काठावर 50 किमीचं रदरफर्ड, तिथून वळत गेलेली 28, 21, 13 किमीची, लहान लहान होत जाणारी रांग. एवढी जागच्या जागी बसली की चित्र ओळखू येतं.

छटा भरताना मात्र हात आवरावा लागतो. खोली जेमतेम साडेतीन किमी, म्हणजे रुंदीपुढं काहीच नाही. मी हिशेब केला: मध्यापासून काठ 115 किमी लांब, आणि तेवढ्या अंतरात चंद्राची गोलाई जवळपास 3.8 किमी खाली जाते. तळाच्या मधोमध उभं राहिलं तर भोवतीचा काठ दिसायची मारामार! त्यामुळे मधे गडद नि कडेला फिकट असं रंगवलं की सगळंच खोटं होतं. कोपर्निकस हे दुसरं विवर 93 किमीचंच, पण त्याच्या मध्यावर ठसठशीत डोंगर आहेत. क्लेव्हियस सुमारे चार अब्ज वर्षांचं. त्याच्या मधल्या डोंगराचे आता किरकोळ अवशेषच उरलेत. तिथं मी दोन टिंबं दिली, बास.

सोफिया या विमानातल्या दुर्बिणीनं याच विवराच्या परिसरात पाण्याचे रेणू टिपल्याचं 2020 मध्ये जाहीर झालं. ते चित्रात कुठं दाखवणार? मित्राचा आग्रह होता निळ्या रंगाचा, मी ऐकलं नाही.

आता दुसरा कागद वद्य नवमीसाठी ठेवलाय. तेव्हा सावल्या उलट्या, पश्चिम काठाकडून पडतील. उठायचं मात्र पहाटे, आणि आयपीसवर दव धरतंय म्हणून आईचा हेअर ड्रायर आधीच मागून ठेवलाय.